क्लिफर्ड व्हिटिंगहॅम बीअर्स

क्लिफर्ड व्हिटिंगहॅम बीअर्स (३० मार्च, १८७६ : न्यू हेवन, कनेक्टिकट, अमेरिका - ९ जुलै, १९४३ : प्रॉव्हिडन्स, ऱ्होड आयलंड, अमेरिका) हे अमेरिकेतील मानसिक आरोग्य चळवळीचे प्रवर्तक व लेखक होते. वयाच्या चोविसाव्या वर्षी त्यांना तीव्र मानसिक आजार जडला आणि त्यानंतरची सुमारे तीन वर्षे त्यांनी मुख्यत्वे मनोरुग्णालयांत काढली. तेथे भोगलेल्या व पाहिलेल्या गोष्टींचा वृत्तांत त्यांनी ‘अ माइंड दॅट फाउंड इटसेल्फ’ या १९०८ सालच्या आत्मकथनात लिहिला. पुढे त्यांनी राज्य, राष्ट्र व आंतरराष्ट्रीय अशा तिन्ही पातळ्यांवर मानसिक आरोग्य संस्था उभारल्या. मनोरुग्णांसाठीच्या सेवा कशा असाव्यात हे ठरविताना तो आजार ज्यांनी भोगला आहे त्यांचे म्हणणे विचारात घेतले पाहिजे, हा विचार आज अनेक देशांच्या कायद्यांत आला आहे. त्याचा इतिहास सांगताना बीअर्स यांचे नाव टाळता येत नाही. मात्र त्यांच्या स्वतःच्या संस्थेने हा विचार कितपत पाळला, हा प्रश्न वेगळा असून त्याची चर्चा खाली केली आहे.

पूर्वपीठिका

बीअर्स हे मनोरुग्णालयांविरुद्ध आवाज उठविणारे पहिले रुग्ण नव्हेत. इंग्लंडमध्ये जॉन पर्सिव्हल या माजी रुग्णाने आपल्या बंदिवासाची हकीकत प्रसिद्ध केली होती आणि १८४५ मध्ये तेथे अशा लोकांची एक संघटनाही स्थापन झाली होती. अमेरिकेत एलिझाबेथ पॅकार्ड या स्त्रीला १८६० मध्ये तिच्या पतीने केवळ आपल्या अधिकारात इलिनॉय राज्याच्या मनोरुग्णालयात ठेवले. धार्मिक मतभेद हे त्यामागील मुख्य कारण होते. सुटकेनंतर तिने चालविलेल्या मोहिमेमुळे अनेक राज्यांना आपले कायदे बदलावे लागले. या दोघांचा रोख मुख्यतः अन्यायाने डांबले जाण्यावर होता. आपण खरोखर आजारी होतो, आपल्याला उपचारांची गरज होती आणि तरीही आपल्याला जे मिळाले ते उपचार नव्हते, अशी बीअर्स यांची भूमिका होती. म्हणूनच डॉक्टरांना ती ऐकून घेणे शक्य झाले.

बालपण व शिक्षण

बीअर्स यांचा जन्म न्यू हेवन या विद्यापीठाच्या गावी एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. त्यांच्या भावंडांपैकी अनेकांना पुढे मानसिक आजारांनी ग्रासले. स्थानिक शाळांत शिकून ते १८९४ मध्ये येल विद्यापीठाच्या शेफिल्ड सायंटिफिक स्कूलमध्ये दाखल झाले.

त्याच वर्षी त्यांच्या एका थोरल्या भावाला झटके येऊ लागले. घरच्यांनी ती अपस्मार म्हणजे फेफऱ्याची व्याधी मानली. निरोगी दिसणाऱ्या भावाला अचानक असे होऊ शकते, तर आपल्यालाही होईल, या भीतीने क्लिफर्ड यांच्या मनात घर केले. वर्गात उभे राहून उत्तर देताना आपल्याला झटका येईल असे वाटून ते कासावीस होत. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही. मेंदूतील गाठीमुळे झालेल्या त्या आजाराने भावाचा १९०० च्या जुलै महिन्यात मृत्यू झाला. तोपर्यंत क्लिफर्ड स्वतः अंथरुणाला खिळले होते.

१८९७ मध्ये पदवी मिळाल्यावर त्यांनी काही काळ न्यू हेवनच्या करवसुली कार्यालयात आणि त्यानंतर न्यू यॉर्कमध्ये एका आयुर्विमा कंपनीच्या कार्यालयात नोकरी केली. व्यवसायात नाव कमावण्याची त्यांना मोठी हौस होती. बाहेरून पाहणाऱ्याला ते उत्साही, बोलके व कामसू तरुण वाटत.

आजार

जून १९०० मध्ये न्यू यॉर्कमधील काम सोडून ते घरी परतले. आपल्याला अपस्मार झालाच आहे अशी त्यांची खात्री पटली होती. २३ जून रोजी त्यांनी घराच्या वरच्या मजल्याच्या खिडकीतून उडी घेतली. पायाच्या हाडांना गंभीर दुखापत झाली, पण जीव वाचला. त्यांनी नंतर नोंदवून ठेवले आहे की जमिनीला पाय लागताक्षणीच अपस्माराची भीती नाहीशी झाली. तिची जागा दुसऱ्या आणि कितीतरी अधिक व्यापक भ्रमांनी घेतली.

त्यांना ज्या रुग्णालयात नेले तेथील खिडक्यांना गज होते. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा असल्यामुळे आपल्याला अटक झाली असून आता खटला चालणार, असा अर्थ त्यांनी त्या गजांवरून काढला. नातेवाईक भेटीस येत ते त्यांना गुप्त पोलिसांनी घेतलेली सोंगे वाटत. जेवणात काहीतरी मिसळले आहे, पांघरुणावर अक्षरे उमटत आहेत, भिंतीपलीकडून आवाज येत आहेत, असे भास त्यांना होत. आपण तोंडातून काढलेला प्रत्येक शब्द पुराव्यादाखल वापरला जाईल या समजुतीने ते दीर्घकाळ जवळजवळ मुके राहिले. त्यामुळे डॉक्टरांना त्यांच्या मनात काय चालले आहे याचा पत्ता लागत नव्हता, आणि तो लावण्याची फारशी धडपडही कोणी केली नाही.

प्रथम स्टॅमफर्ड येथील खाजगी आरोग्यगृहात, मग काही काळ एका परिचराच्या घरी आणि १९०१ पासून हार्टफर्ड रिट्रीट या जुन्या व प्रतिष्ठित संस्थेत त्यांना ठेवण्यात आले. ही काही दरिद्री लोकांची आश्रयस्थाने नव्हती. कुटुंबाने ऐपतीबाहेर खर्च करून त्यांना तेथे ठेवले होते. बीअर्स यांच्या पुढील कार्याचा विचार करताना हा तपशील महत्त्वाचा ठरतो, कारण पैसा मोजूनही माणुसकीची वागणूक मिळेल याची खात्री नव्हती.

पत्राची कसोटी

हार्टफर्ड येथे असताना ऑगस्ट १९०२ मध्ये घडलेला प्रसंग त्यांच्या चरित्रातील मध्यवर्ती प्रसंग मानला जातो. त्यांचा भाऊ जॉर्ज त्यांना नियमितपणे भेटायला येत असे. हा खरा जॉर्ज नसून तोतया आहे, अशी बीअर्स यांची दोन वर्षे पक्की समजूत होती. त्यांच्या ओळखीच्या एका सहरुग्णाला बाहेर जाण्याची मोकळीक होती. त्याने बीअर्स यांच्याशी स्नेह जोडला होता आणि त्यांच्या शंका तो न हसता ऐकून घेत असे. भाऊ खरोखर त्याच्या पत्त्यावर राहतो आहे की नाही याची खातरजमा करून पाहावी, असा विचार या संवादातून पुढे आला.

बीअर्स यांनी जॉर्जच्या घरच्या पत्त्यावर एक पत्र लिहिले आणि ते संस्थेच्या अधिकाऱ्यांच्या हाती न देता गुपचूप टपालात पडेल अशी व्यवस्था केली. पुढच्या भेटीस येताना हेच पत्र परवान्यादाखल बरोबर आणावे, अशी अट त्यात होती. येणारा तोतया असेल तर त्याच्याजवळ हे पत्र असणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. ३० ऑगस्ट १९०२ रोजी जॉर्ज आले आणि त्यांनी खिशातून पत्र काढून दाखविले. त्या क्षणी दोन वर्षांची भ्रमांची इमारत कोसळली. बीअर्स यांनी नंतर हिशेब करून आपल्या विषण्णतेचे ७९८ दिवस मोजले आहेत.

येथे थोडे थांबावेसे वाटते. आजाराच्या आतून पाहता ही युक्ती पूर्णपणे तर्कशुद्ध होती. चूक होती ती गृहीतकात. एका रुग्णाने स्वतःच्या भ्रमाची कसोटी स्वतःच ठरविली आणि दुसऱ्या एका रुग्णाने त्याला साथ दिली. या सर्व घडामोडींत उपचार करणाऱ्यांचा वाटा जवळजवळ नव्हता.

हिंसक रुग्णांचा कक्ष

भ्रम संपले, पण आजार संपला नाही. विषण्णतेची जागा अतिउत्साहाने घेतली. बीअर्स अखंड बोलू व लिहू लागले. जगातील सर्व मनोरुग्णालये सुधारण्याचा बेत त्यांनी याच अवस्थेत आखला. आज या आजाराला द्विध्रुवीय विकार असे नाव मिळाले असते, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

वाढत्या आग्रहामुळे व बाचाबाचीमुळे ते डॉक्टरांना डोईजड झाले. ऑक्टोबर व नोव्हेंबर १९०२ मधील सुमारे तीन आठवडे त्यांना हिंसक रुग्णांच्या कक्षात ठेवण्यात आले. हात छातीवर घट्ट जखडून टाकणारा जाड कापडाचा अंगरखा त्यांना रात्रीच्या रात्री घालून ठेवीत. पहिल्या वेळी हा अंगरखा इतका आवळला होता की हातांच्या वेदनांनी त्यांना रात्रभर डोळा लागला नाही आणि विनंती करूनही तो सैल केला गेला नाही. हे कृत्य एखाद्या अडाणी परिचराचे नव्हते, तर वैद्यकीय अधिकाऱ्याच्या आज्ञेने झाले होते, याकडे बीअर्स यांनी पुढे मुद्दाम लक्ष वेधले.

पैशाची सोय संपत आल्यामुळे नोव्हेंबर १९०२ मध्ये त्यांना मिडलटाउन येथील राज्य सरकारच्या मनोरुग्णालयात हलविण्यात आले. तेथील बऱ्या वर्तनाच्या रुग्णांच्या कक्षात त्यांना सवलती होत्या. परंतु सर्वांत वाईट कक्ष आतून पाहिल्याशिवाय सुधारणेविषयी अधिकाराने बोलता येणार नाही, असे ठरवून त्यांनी जाणूनबुजून नियम मोडले आणि स्वतःची रवानगी हिंसक रुग्णांच्या कक्षात करवून घेतली. अतिउत्साहाच्या भरात घेतलेला हा निर्णय होता हे खरे, पण त्यामागे हेतू होता. कडाक्याच्या थंडीत अंगावर केवळ आतले कपडे ठेवून त्यांना लहानशा कोठडीत डांबण्यात आले. आजूबाजूच्या ज्या रुग्णांना बोलून दाखविता येत नव्हते, त्यांना होणारी मारहाण त्यांनी पाहिली. परिचरांना मिळणारा तुटपुंजा पगार व त्यांचे कामाचे लांबलचक तास हेही त्यांनी टिपले. केवळ माणसे दुष्ट होती म्हणून हे घडत नव्हते, तर व्यवस्थाच तशी होती, हे त्यांचे निरीक्षण आजच्या वाचकालाही पटण्यासारखे आहे.

मार्च १९०३ मध्ये त्यांनी कनेक्टिकटच्या राज्यपालांना एक प्रदीर्घ पत्र लिहून ते संस्थेबाहेर पोहोचविले. राज्यपालांनी त्याची दखल घेतल्यावर त्यांना मिळणाऱ्या वागणुकीत फरक पडला. १० सप्टेंबर १९०३ रोजी त्यांना घरी जाण्याची परवानगी मिळाली. लवकरच ते पुन्हा न्यू यॉर्कमध्ये नोकरीस लागले.

ग्रंथलेखन

१९०५ च्या आरंभी पुस्तकाचा आराखडा मनात घोळू लागताच अतिउत्साहाची जुनी लक्षणे दिसू लागली. भावाच्या सल्ल्याने ते आपण होऊन काही काळ हार्टफर्डच्या त्याच संस्थेत परत गेले. ज्या संस्थेत छळ सोसला तिच्याच दारात स्वेच्छेने उभे राहणे त्यांना जमले, याचे अनेकांना नवल वाटते. आपल्या आजाराची चाहूल ओळखून वेळीच आधार घेणे याला आजचे मानसोपचारतज्ज्ञ फार महत्त्व देतात. बीअर्स यांनी ते अनुभवातून शिकून घेतले होते.

हस्तलिखित तयार झाल्यावर त्यांनी ते १९०६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ व तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांना वाचावयास दिले. जेम्स यांनी मनःपूर्वक प्रशंसा करणारे पत्र पाठविले, जे पुढे ग्रंथाच्या आरंभी छापले गेले. स्वित्झर्लंडमधून येऊन अमेरिकेत नावारूपास आलेले मानसोपचारतज्ज्ञ ॲडॉल्फ मायर यांनीही हस्तलिखित वाचले. मायर यांनीच या कार्याला मानसिक आरोग्यरक्षण हे नाव सुचविले. केवळ रुग्णालये सुधारणे एवढाच हेतू न ठेवता आजार होऊच नये म्हणून समाजात काम करावे, असा त्या नावाचा आशय होता.

या थोरामोठ्यांच्या पाठिंब्याची किंमतही बीअर्स यांना मोजावी लागली. मूळ मसुद्यातील संतापाची धार कमी करण्याचा सल्ला त्यांना मिळाला व त्यांनी तो बऱ्याच अंशी मानला. संस्थांची व डॉक्टरांची नावे गाळली गेली. ग्रंथ १९०८ च्या मार्च महिन्यात लाँगमन्स, ग्रीन या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. यशाचे एक कारण त्याच्या शैलीत आहे. आपल्या भ्रमांचे वर्णन बीअर्स काहीशा विनोदाने आणि अत्यंत बारकाईने करतात; अन्यायाचे वर्णन मात्र थंडपणे, तारीख-वारासह करतात. एखादा मुरलेला वकील जसा कैफियत मांडतो तसा तो वृत्तांत आहे.

संघटनाकार्य

ग्रंथ बाहेर पडल्यावर दोन महिन्यांच्या आत, ६ मे १९०८ रोजी, न्यू हेवन येथे कनेक्टिकट राज्याची मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली. १९ फेब्रुवारी १९०९ रोजी न्यू यॉर्क येथे राष्ट्रीय मानसिक आरोग्य समितीची स्थापना झाली. विल्यम जेम्स, मायर, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील वैद्यकशिक्षक विल्यम वेल्च, समाजसेविका ज्युलिया लॅथ्रॉप आदी मंडळी तिच्या उभारणीत सहभागी होती. बीअर्स समितीचे सचिव झाले आणि जवळजवळ तीस वर्षे त्या पदावर राहिले.

आरंभीची वर्षे ओढगस्तीची गेली. बीअर्स कर्ज काढून दिवस ढकलीत होते. जेम्स यांनी स्वतः १,००० डॉलर दिले. १९११ मध्ये पोलाद व्यवसायातील धनिक हेन्री फिप्स यांनी ५०,००० डॉलरची देणगी दिल्यावर समितीचे काम खऱ्या अर्थाने सुरू झाले. १९१२ मध्ये थॉमस सॅल्मन हे डॉक्टर समितीत आले आणि त्यांनी देशभरातील मनोरुग्णांच्या परिस्थितीची पाहणी हाती घेतली. किती राज्यांत रुग्णांना अजूनही तुरुंगांत किंवा दरिद्राश्रमांत ठेवले जाते हे यामुळे उघड होऊ लागले. पहिल्या महायुद्धात तोफखान्याच्या माऱ्याने मन खचलेल्या सैनिकांच्या उपचारांची व्यवस्था सॅल्मन यांनी उभारली.

१९१३ मध्ये न्यू हेवन येथे बीअर्स यांच्या पुढाकाराने बाह्यरुग्ण चिकित्सालय सुरू झाले. रुग्णाला घरादारापासून न तोडता, दाखल न करता उपचार देणारे हे अमेरिकेतील अशा प्रकारचे पहिले चिकित्सालय समजले जाते. त्यातून वाढलेली संस्था आजही बीअर्स यांच्या नावाने काम करते.

१९१२ मध्ये बीअर्स यांचा क्लारा जेप्सन यांच्याशी विवाह झाला. कुटुंबातील आजार पुढच्या पिढीत उतरेल या भीतीने दोघांनी मूल होऊ न देण्याचा निर्णय घेतला.

अमेरिकेबाहेरही हे लोण पसरले. कॅनडात क्लॅरेन्स हिंक्स यांनी १९१८ मध्ये राष्ट्रीय समिती स्थापन केली. हिंक्स हे डॉक्टर होते आणि त्यांना स्वतःलाही विषण्णतेचे झटके येत असत. फ्रान्स, ब्रिटन व इतर देशांतही अशा संस्था निघाल्या. भारतात रांचीच्या युरोपीय मनोरुग्णालयाचे अधीक्षक ओवेन बर्कले-हिल यांनी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात याच धर्तीवर संघटना उभारली. मे १९३० मध्ये वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय मानसिक आरोग्य परिषद भरली. अनेक देशांचे प्रतिनिधी तिला आले होते. एकेकाळी कोठडीत बसून बीअर्स यांनी पाहिलेले हे स्वप्न तेव्हा डॉक्टरांनी उन्माद म्हणून नोंदविले होते. येल विद्यापीठाने १९२२ मध्ये त्यांना सन्माननीय पदवी दिली.

मर्यादा व टीका

बीअर्स यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना अभ्यासक काही प्रश्न उपस्थित करतात. नॉर्मन डेन यांनी १९८० मध्ये लिहिलेल्या चरित्रात त्यांची सविस्तर चर्चा आहे.

पहिला प्रश्न असा की, राष्ट्रीय समितीचा कारभार लवकरच मानसोपचारतज्ज्ञांच्या हाती गेला. बीअर्स वगळता माजी रुग्णांना तिच्यात ठळक स्थान मिळाले नाही. बीअर्स यांनी ते मिळावे यासाठी विशेष आग्रह धरल्याचेही दिसत नाही. लोकांनी आपले ऐकावे यासाठी त्यांना प्रतिष्ठित नावांचा आधार घ्यावा लागला, आणि ही प्रतिष्ठा टिकविण्याच्या नादात ज्यांच्यासाठी काम सुरू झाले तेच मागे पडले. बालमार्गदर्शन केंद्रे, शाळा व उद्योगधंदे यांकडे समितीचे लक्ष वळले. मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या मागच्या कक्षांतील स्थिती मात्र बीअर्स यांच्या हयातीत फारशी सुधारली नाही.

दुसरा प्रश्न सुप्रजननवादाचा आहे. मानसिक आजार असलेल्यांची सक्तीने नसबंदी करावी असे मानणारे अनेकजण त्या काळी या चळवळीत वावरत होते. समितीने या विचारापासून स्वतःला दूर ठेवले नाही. चळवळीच्या इतिहासातील हा काळा भाग आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही.

मायर यांच्याशी बीअर्स यांचे पटले नाही, हाही वादाचा विषय आहे. एका राज्यात सावकाश काम करून मग पुढे जावे असे मायर यांचे म्हणणे होते. बीअर्स यांना सारा देश एकदम हवा होता. मायर समितीतून बाहेर पडले. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते.

अखेरची वर्षे

१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात जुन्या आजाराने पुन्हा डोके वर काढले. १९३९ मध्ये बीअर्स यांनी सचिवपद सोडले आणि ते स्वतःहून प्रॉव्हिडन्स येथील बटलर रुग्णालयात दाखल झाले. आपण मानसिक आजाराला कलंक समजू नये असे आयुष्यभर सांगितले, तरीही परत आजारी पडलो, याची त्यांना फार खंत वाटत असे. ९ जुलै १९४३ रोजी त्याच रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

१९५० मध्ये राष्ट्रीय समिती इतर संस्थांत विलीन झाली. आज तिचा वारसा मेंटल हेल्थ अमेरिका ही संस्था चालविते. १९५३ मध्ये या संस्थेने देशभरातील मनोरुग्णालयांतून जुन्या बेड्या व साखळदंड गोळा करून ते वितळविले आणि त्यांच्यापासून सुमारे ३०० पौंड वजनाची घंटा ओतविली.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. मराठी बोलीत यांपैकी काही गावांची नावे थट्टेचा विषय होऊन बसली आहेत. एखाद्याला येरवड्याला पाठवावे असे सहज म्हणणाऱ्याच्या मनात रुग्णाविषयी आकस नसतोही, परंतु ज्याच्या घरातील माणूस तेथे आहे त्याला ते ऐकावे लागते. बीअर्स यांच्या काळातील न्यू इंग्लंडमध्येही हीच रीत होती.

बीअर्स यांच्या काळी मनोरुग्णालयांत दाखल होणाऱ्या रुग्णांचा एक मोठा भाग उपदंशामुळे मेंदू निकामी झालेल्यांचा असे. पेनिसिलिनच्या शोधानंतर हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. भारतात पेनिसिलिनचे सरकारी उत्पादन करण्यासाठी १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक वाटचालीचा आरंभ ज्या कारखान्यांपासून मोजतात त्यांत त्याचा समावेश होतो. भोसरी, पिंपरी, चिंचवड ते चाकण हा पट्टा आज पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या, बहुधा गाव सोडून आलेल्या माणसांचा आहे. त्यांच्यासाठी प्रादेशिक मनोरुग्णालय येरवड्यालाच आहे. घराजवळ व कामाजवळ बाह्यरुग्ण सेवा असावी, या बीअर्स यांच्या १९१३ मधील प्रयोगाचे महत्त्व अशा ठिकाणी अधिक जाणवते.

आजार भोगलेल्यांनी सेवा घडविण्याची उदाहरणे पुण्यात आहेत. येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसनातून बाहेर पडलेल्या रुग्णमित्रांनाच तेथे कार्यकर्ते म्हणून सामावून घेतले जाते. नव्याने आलेल्या रुग्णाच्या सबबी त्यांना आधीच ठाऊक असतात, त्यामुळे त्यांच्यापुढे त्या चालत नाहीत. मूळचे महाराष्ट्रातील व कॅनडातील कॅल्गरी येथे संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजाराच्या अनुभवातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या २००४ सालच्या चित्रपटामागे त्यांचीच प्रेरणा व साहाय्य होते. भार्गवी दावर यांनी १९९९ मध्ये आपल्या आईच्या स्मरणार्थ पुण्यात बापू ट्रस्ट स्थापन केला. आईचा मनोरुग्णालयांतील अनुभव त्यांनी लहानपणी पाहिला होता. सक्तीच्या उपचारांना त्यांचा विरोध होता आणि वस्त्यांमध्ये, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साहाय्याने काम करण्यावर त्यांचा भर होता. अनेक मानसोपचारतज्ज्ञांना त्यांची मते टोकाची वाटत. बीअर्स यांनी डॉक्टरांशी जुळवून घेतले, दावर यांनी घेतले नाही.

तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळ्यांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. या घटनेनंतर देशात कायद्याची चर्चा तीव्र झाली. २००७ मध्ये भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला मान्यता दिली होती, त्याच्याशी सुसंगत असा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला व २०१८ मध्ये लागू झाला. त्याच्या मसुद्याच्या कामात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचा मोठा सहभाग होता. या कायद्याने साखळीने बांधण्यास व एकांतकोठडीत ठेवण्यास मनाई केली. पुढे आपण आजारी पडलो तर कसे उपचार व्हावेत व कसे होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क प्रत्येक प्रौढ व्यक्तीला दिला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिच्यावर खटला भरू नये, अशीही तरतूद त्यात आहे. ज्या भीतीने बीअर्स यांना १९०० मध्ये खिडकीच्या गजांत तुरुंग दिसला, ती भीती भारतातील रुग्णांच्या बाबतीत तोवर निव्वळ भ्रम म्हणता येत नव्हती.

याच कायद्यानुसार केंद्रीय प्राधिकरणावर, मानसिक आजार असलेल्या किंवा पूर्वी झालेल्या व्यक्तींचे दोन प्रतिनिधी व त्यांची काळजी घेणाऱ्यांचे दोन प्रतिनिधी नेमणे बंधनकारक आहे. जिल्हा न्यायाधीशांच्या दर्जाच्या अध्यक्षाखाली काम करणाऱ्या पुनरावलोकन मंडळांवर डॉक्टरांच्या बरोबरीने रुग्ण, त्यांचे काळजीवाहक किंवा त्यांच्या संस्थांचे प्रतिनिधी यांच्यासाठी दोन जागा ठेवलेल्या आहेत. आपल्याला नाहक डांबून ठेवले आहे असे वाटणाऱ्या रुग्णाला या मंडळाकडे अर्ज करता येतो आणि तो पत्र बाहेर चोरून पाठविल्याशिवाय करता येतो. महाराष्ट्रात ही मंडळे स्थापन होण्यास विलंब झाला आणि त्याबाबत मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकेवर सुनावणी झाली.